धनुष्याने हरणाची शिकार करताना लायटेड नॉक वापरावा का? नियम काय, आणि जुने शिकारी त्याला नाक का मुरडतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही पिट्सबर्गजवळ राहता, यंदा पहिल्यांदाच कंपाउंड धनुष्य (टोकांना चाकं असलेलं आधुनिक धनुष्य) घेऊन व्हाइटटेल हरणासाठी बसणार आहात. दुकानदार म्हणाला लायटेड नॉक, म्हणजे बाणाच्या शेपटाला बसणारा दिवा, घ्याच. रेंजवरच्या एका बुजुर्ग तिरंदाजाने मात्र ‘बाणाला दिवे लावून शिकार करतात का?’ म्हणून सुनावलं. आता घ्यावा की नाही, आणि कायद्यात बसतो का?

कायद्यात बसतो. आणि माझं मत विचाराल तर जरूर घ्या. मीही याच ॲलेघेनी काउंटीत (पिट्सबर्गच्या जिल्ह्यात) दर हंगामाला धनुष्य घेऊन बसतो आणि माझ्या शिकारीच्या प्रत्येक बाणाला लायटेड नॉक असतो. पण दुकानदाराने तो घ्यायला सांगितला त्या कारणासाठी नाही. त्याने बहुतेक ‘बाण अंधारात पटकन सापडतो, पैसे वाचतात’ असं सांगितलं असेल. ते खरंच आहे, पण ती गौण बाब झाली.

उत्तर वाचणारे बरेचजण महाराष्ट्रातले असतील, त्यांच्यासाठी दोन ओळी. बाणाच्या मागच्या टोकाला प्लॅस्टिकची छोटी खाच असते, तिच्यात धनुष्याची दोरी बसते. त्या तुकड्याला नॉक म्हणतात. लायटेड नॉकमध्ये बारीक एलईडी आणि टाचणीसारखी लांबट लिथियम बॅटरी असते. बाण सुटताना दोरीचा धक्का बसतो, आतलं बटण दाबलं जातं आणि दिवा लागतो. दोरी ताणून नेम धरेपर्यंत तो बंदच असतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकार हा गुन्हा आहे, तेव्हा हे सगळं अमेरिकेपुरतं. इथे पेनसिल्व्हेनियात हरणांची संख्या इतकी आहे की खुद्द पिट्सबर्ग शहराने २०२३ मध्ये फ्रिक पार्क आणि रिव्हरव्ह्यू पार्क या दोन उद्यानांत निवडक तिरंदाजांना परवानगी देऊन हरणं कमी करायचा उपक्रम सुरू केला.

आता नियम. पेनसिल्व्हेनिया गेम कमिशनच्या (राज्यातल्या शिकारीचे नियम ठरवणाऱ्या खात्याच्या) नियमांत प्रकाश देणारा नॉक चालतो, कारण तो सुटलेला बाण शोधायला मदत करतो. ट्रान्समीटर बसवलेला, म्हणजे हरणाच्या अंगात राहून आपला ठावठिकाणा कळवणारा बाण मात्र बेकायदा आहे. दोन्हींत बॅटरी आहे, दोन्ही ‘शोधायला मदत’ करतात, मग एक चालतो आणि दुसरा का नाही, असं तुम्हाला वाटेल. मला हा फरक पटतो. नॉक तुम्हाला बाणापर्यंत नेतो, तिथून पुढचा माग तुमच्या डोळ्यांनी काढायचा असतो. ट्रान्समीटर असला की लांबून कसाही बाण मारा, यंत्र हरिण शोधून देईल असा मोह होतो. बाकी नियम तुम्ही हंटर-ट्रॅपर एज्युकेशनच्या (शिकारीच्या प्रशिक्षणाच्या) वर्गात शिकलाच असाल: धनुष्याची ओढ किमान ३५ पौंड, ब्रॉडहेडची (शिकारीच्या बाणाच्या धारदार पात्यांच्या टोकाची) रुंदी किमान सात अष्टमांश इंच, धनुष्यवाल्यांनी वस्तीच्या घरांपासून ५० यार्ड दूर राहायचं, आणि वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत. या वेळेबद्दल पुढे बोलायचं आहे.

दुसऱ्या राज्यात जाणार असाल तर हेच गृहीत धरू नका. पश्चिमेकडच्या काही राज्यांमध्ये धनुष्याच्या हंगामात धनुष्यावर किंवा बाणावर कुठलंही इलेक्ट्रॉनिक साधन नको असा कडक नियम आहे. आयडाहो आणि वॉशिंग्टनने पुढे त्यातून प्रकाशित नॉकपुरती सूट दिली. नियमाची भाषा वर्षागणिक बदलते, म्हणून त्या राज्याची त्या वर्षीची पुस्तिकाच बघायची. मित्राने सांगितलं, व्हिडिओत पाहिलं, हे वॉर्डनसमोर (शिकारीचे नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या अधिकाऱ्यासमोर) चालत नाही.

आता तुमच्या त्या बुजुर्गांबद्दल. त्यांचा राग निराधार नाही आणि त्यामागे इतिहास आहे. १९११ साली कॅलिफोर्नियातल्या ऑरोव्हिल गावात इशी नावाचा याही जमातीचा माणूस एकटाच बाहेर आला. त्याच्या जमातीतला तो शेवटचा. सॅन फ्रान्सिस्कोत सॅक्स्टन पोप या डॉक्टरने त्याच्याकडून धनुष्य घडवायला आणि त्याने शिकार करायला शिकून घेतलं. पोप आणि त्याचा मित्र आर्थर यंग यांच्यामुळे अमेरिकेत धनुष्याच्या शिकारीची आवड पुन्हा रुजली. त्या दोघांच्या नावाने १९६१ मध्ये पोप अँड यंग क्लब निघाला, जो धनुष्याने मारलेल्या मोठ्या जनावरांच्या नोंदी ठेवतो. या क्लबचा आग्रह असा की जनावराला निसटायची खरी संधी मिळाली पाहिजे. बंदुकीऐवजी धनुष्य घ्यायचं तेच मुळी स्वतःवर बंधन घालून घेण्यासाठी. त्यामुळे धनुष्यावर किंवा बाणावर काहीही इलेक्ट्रॉनिक असेल तर त्यांच्या नोंदवहीत जागा नव्हती, आणि लायटेड नॉकही त्यात सापडला. अनेक वर्षं वाद चालला आणि २०१४ मध्ये क्लबने नियम बदलून नॉकला मान्यता दिली.

बदलामागचा मुद्दा मला पूर्ण पटतो. दिवा लागतो तो बाण दोरीवरून सुटल्यावर. त्या क्षणानंतर तुम्ही नेम सुधारू शकत नाही, अंतर मोजू शकत नाही. हरणाची निसटायची संधी तसूभरही कमी होत नाही. अंतर मोजून आपोआप नेमाचा ठिपका दाखवणारं साइट (धनुष्यावर बसवायचं नेम धरण्याचं साधन) ही वेगळी गोष्ट आहे, तिचं काम बाण सुटायच्या आधीचं. सुटण्याआधी मदत की सुटल्यानंतर, ही रेघ ज्याने त्याने मनाशी ओढून घ्यावी. जुनी मंडळी म्हणतात, आज नॉक, उद्या आणखी काही. ती भीती खरी आहे, पण तिच्यावर उपाय ही रेघच आहे. तुमचे ते बुजुर्ग लाकडी बाण आणि लाँगबो (जुन्या धाटणीचं साधं लांब धनुष्य) वापरत असतील तर त्यांच्या बाणात हा नॉक बसणारही नाही, त्याला पोकळ नळी लागते. त्यांच्या पद्धतीचा मला आदर आहे. फक्त तो दिव्याला ‘फसवणूक’ म्हणण्याइतका ताणायला नको.

आता मुख्य गोष्ट. नॉकचा खरा उपयोग बाण लागला कुठे ते कळण्यासाठी आहे. कंपाउंडचा बाण सेकंदाला साधारण २८० फूट जातो. ३० यार्डांवर हरिण असेल तर बाणाला तिथे पोहोचायला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो. दोरीचा आवाज सेकंदाला ११०० फुटांच्या आसपास जातो, म्हणजे तो बाणाच्या कितीतरी आधी पोहोचतो. सावध असलेलं हरिण आवाजासरशी उडी घ्यायला गुडघे वाकवतं, अंग खाली जातं, आणि तुम्ही जिथे नेम धरला त्याच्या वर बाण लागतो. मचाणावर बसलेल्या माणसाचं काळीज तेव्हा धडधडत असतं. ‘खांद्यामागे अगदी बरोबर लागला’ असं तो छातीठोकपणे सांगतो आणि बाण प्रत्यक्षात लागलेला असतो वीतभर मागे, पोटात. साधा नॉक त्या सांजप्रकाशात दिसतच नाही. पेटलेला नॉक हरणाच्या अंगावर नेमका कुठे नाहीसा झाला ते डोळ्यांत राहतं.

आणि त्या वीतभराने सगळं बदलतं. फुप्फुसात किंवा हृदयात बाण लागला असेल तर अर्धा तास थांबून निघायचं, हरिण बहुतेक जवळच पडलेलं असतं. यकृतात लागला असेल तर चार ते सहा तास. पोटात लागला असेल तर आठ ते बारा. पोटात घाव झालेलं हरिण थोडं अंतर जाऊन झुडपात बसतं. त्याला तसंच बसू दिलं तर ते तिथेच मरतं. अर्ध्या तासात मागावर जाऊन त्याला उठवलं तर ते मैलभर पळतं, रक्ताचा माग तुटतो, आणि जनावर हाल होऊन वाया जातं. थांबायचं किती, हा हरणाच्या शिकारीतला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय आहे, आणि तो बाण लागल्याची जागा कळल्याशिवाय घेता येत नाही.

दुसरा पुरावा खुद्द बाण. आपल्या ओकच्या जंगलात आरपार गेलेला बाण पाचोळ्यात शिरतो आणि वरून काहीच दिसत नाही. पेटलेला नॉक असेल तर पानांच्या थराखालून लालसर उजेड येतो. बाण उचलायच्या आधी हेडलँपच्या उजेडात तो आहे तसा नीट बघा. फिकट गुलाबी, फेसाळ रक्त आणि त्यात बारीक बुडबुडे असले तर फुप्फुस. गडद, जवळजवळ काळपट लाल असलं तर यकृत. पिसांना हिरवट-तपकिरी चिकटा लागला असेल आणि नाकाजवळ नेताच आंबूस घाण वास आला तर पोट. जमिनीवर केस पडलेत का तेही बघा: पांढरे केस म्हणजे बाण खालच्या बाजूने, पोटाशी लागलाय. वास आला की पावलं न वाजवता मागे फिरायचं, घरी जायचं, आणि सकाळी परत यायचं. पाऊस येणार असेल तर निर्णय अवघड होतो, तरी पोटातल्या घावाला मी घाई करत नाही.

आपल्या भागात तर हे दुप्पट महत्त्वाचं. पिट्सबर्गभोवतीचं जंगल म्हणजे दोन वस्त्यांमधला उतार. हरिण दोनशे यार्ड पळालं तर ते कुणाच्या तरी परसात असतं. तिथे मालकाची परवानगी घेतल्याशिवाय पाय ठेवायचा नाही, हरिण समोर पडलेलं दिसत असलं तरी. रात्री दारावर थाप मारून हे समजावून सांगणं कुणालाच सुखाचं नसतं. म्हणून मी बसायच्या आधीच आजूबाजूच्या घरमालकांशी बोलून ठेवतो.

आता धोक्याची बाजू, आणि इथे मी बुजुर्गांच्या बाजूने आहे. नॉक घेतला की काहीजण उजेड पार जाईपर्यंत बसतात. ‘दिवा आहे, बाण सापडेल.’ बाण सापडेलही, पण तुमच्या साइटची पिन (नेम धरायचा ठिपका) दिसत नसेल, हरणाचा खांदा आणि पोट वेगळं ओळखू येत नसेल, तर कायदेशीर वेळेची दहा मिनिटं उरली असली तरी बाण सोडायचा नाही. ढगाळ संध्याकाळी दाट झाडीत ती वेळ घड्याळाच्या आधीच संपते. नॉकने शिकारीची वेळ एका मिनिटानेही वाढत नाही.

तांत्रिक बाबींत वजनाकडे लक्ष द्या. साधा नॉक आठ ते दहा ग्रेन (बाणाचं वजन मोजायचं बारीक एकक), लायटेड वीस ते पंचवीस. हे वजन बाणाच्या अगदी शेपटाला वाढतं. ४०० ग्रेनच्या आसपासच्या बाणाचा तोल त्यामुळे साधारण दोन टक्क्यांनी मागे सरकतो. वीस यार्डांवर फारसा फरक पडणार नाही, पण ब्रॉडहेड लावल्यावर आणि अंतर वाढल्यावर पडतो. उपाय सोपा आहे: सरावही त्याच वजनाच्या नॉकने करा. बरेच उत्पादक त्याच वजनाचे बिनदिव्याचे नॉक विकतात. ते घालून पेपर ट्यूनिंग (कागदातून बाण मारून भोकावरून बाण सरळ जातो का ते तपासणं) पुन्हा करा, गरज पडली तर पुढच्या बाजूला थोडं वजन वाढवा. हंगामाच्या आदल्या रात्री नॉक बदलून सकाळी मचाणावर चढणं हा वेडेपणा आहे.

नॉकचं माप तुमच्या बाणाच्या नळीच्या आतल्या व्यासाला जुळलं पाहिजे; एस, एच, एक्स, जी अशी अक्षरं त्यासाठीच असतात. दोरीवर तो हलकासा टिच् आवाज करून बसला पाहिजे. फार घट्ट बसला तर दिवा वेळेवर लागत नाही, सैल असेल तर नेम धरतानाच निसटतो. क्रॉसबो (बंदुकीसारखा घोडा दाबून सोडायचं आडवं धनुष्य) वापरणार असाल तर ही बाब सुरक्षिततेची आहे: उत्पादकाने सांगितलेल्या आकाराचाच नॉक घ्या. चुकीचा असला तर दोरी बाणावरून उडून धनुष्य रिकामं सुटतं, धनुष्याच्या भुजा फुटतात, बोटं जातात.

रंग? मी लाल घेतो. हरणाला लाल आपल्यासारखा दिसत नाही, निळा मात्र चांगला दिसतो. निळ्या नॉकने काही बिघडेल असं नाही, बाण तोवर पोहोचलेला असतो, पण लालच घ्यायचं मला कारण मिळतं. हिरवा मानवी डोळ्याला कमी उजेडात छान दिसतो, फक्त दिवसा गवतात हरवतो. फोमच्या टार्गेटवर लायटेड नॉकचे बाण एकाच ठिपक्यावर मारू नका. मागून दुसरा बाण बसला की नॉक फुटलाच, आणि तीन नॉकचं पाकीट स्वस्त नसतं. बहुतेकांची बॅटरी बदलता येत नाही, म्हणून हंगामाआधी प्रत्येक नॉक पेटवून बघा. संपलेले कचऱ्यात टाकू नका, बॅटरीच्या पेटीत द्या.

शेवटी एक. नॉक पेटला, बाण सापडला, थांबलात, तरी माग हरवू शकतो. तेव्हा दहा मित्रांना बोलावून जंगल तुडवू नका, रक्ताचे ठिपके आणि वास बुटांखाली जातो. पेनसिल्व्हेनियात २०१८ पासून जखमी हरणाचा माग काढायला दोरीला बांधलेला कुत्रा वापरणं कायदेशीर आहे. तुमच्या भागात असा कुत्रा कोणाकडे आहे त्याचा नंबर हंगाम सुरू व्हायच्या आधी फोनमध्ये घालून ठेवा. तो माणूस पहिला प्रश्न हाच विचारेल, की बाण कुठे लागला आणि बाणावर काय होतं. रात्री मागावर जायचं असेल तर धनुष्य सोबत ठेवण्याबद्दल गेम वॉर्डनला आधी फोन करा, दिवा आणि धनुष्य एकत्र दिसलं की तुमच्यावरच संशय येतो.