मिरचीचा बोकड्या: फवारणी चालू असूनही का पसरतो?

शिरोळ तालुक्यातल्या एका दादांनी विचारलंय, "मिरचीवर बोकड्या आलाय. आठवड्याला फवारणी आहे, तरी दर खेपेला नवी झाडं आखडलेली दिसतात. औषधच बोगस आहे का?" गडहिंग्लजच्या एका ताईंचा प्रश्न वेगळा आहे: "रोगानं झाड खुरटतं, मग त्याचाच रस पिणारी कीड कशी मरत नाही?"

दादांचं उत्तर ताईंच्या प्रश्नात आहे. बोकड्या म्हणजे पानं आखडून झाड खुजं करणारा रोग; त्याचा विषाणू पांढरी माशी पसरवते.

कीड मरत तर नाहीच, बऱ्याचदा उलट तिचं फावतं. बोकड्याच्या जातकुळीतल्या विषाणूवर चीनमध्ये तंबाखूच्या झाडांवर अभ्यास झालाय. कीड लागली की झाड बचावासाठी स्वतःच काही द्रव्यं तयार करतं. विषाणू त्यालाच आडकाठी घालतो. त्यामुळं रोगट झाडावर पांढरी माशी जास्त दिवस जगली आणि अंडीही कितीतरी जास्त घातली. म्हणजे शेतात ठेवलेलं रोगट झाड ही माशीची रोपवाटिकाच समजा.

माव्याची तऱ्हा निराळी. काकडी मोझॅक विषाणू लागलेल्या झाडाचा वास वाढतो, त्या वासानं मावा येतो. रस मात्र त्याला पसंत पडत नाही. सोंड टोचून तो लगेच उडतो आणि सोंडेला लागलेला विषाणू शेजारच्या झाडात सोडतो. हे काही सेकंदांत उरकतं. औषधानं मावा मरेपर्यंत रोग पुढं गेलेला असतो. म्हणून लावणीआधीच कडेनं मका किंवा ज्वारीच्या दोन-तीन ओळी पेरा. बाहेरून येणारा मावा आधी तिथं टोचतो आणि सोंडेवरचा विषाणू तिथंच उतरतो.

टोमॅटो आणि भुईमुगात शेंडेमर हा विषाणूचा रोग पसरवणारे फुलकिडे विषाणू घेतात ते पिल्लू असतानाच. पुढं तो त्यांच्या अंगात वाढतो आणि प्रौढ फुलकिडा मरेपर्यंत रोग वाटत फिरतो. याच कुळातल्या एका विषाणूनं बाधित नर निरोगी नरांपेक्षा जास्त वेळा टोचतात, असंही प्रयोगात दिसलंय. तेव्हा नजर पिल्लांवर ठेवा, ती कोवळ्या शेंड्यात आणि फुलात सापडतात.

आता दादांच्या मिरचीकडं. आधी पान नीट बघा. कडा वर वळून पान वाटीसारखं झालं असेल तर फुलकिडे, खाली वळलं असेल तर कोळी; त्यांचे उपाय वेगळे. पानं बारीक, शेंड्याला गुच्छ आणि झाड खुजं असेल तर विषाणू. तो लागलेलं झाड कुठल्याही औषधानं बरं होत नाही, त्यावर पैसे घालू नका.

असं झाड तडकाफडकी उपटू नका. हलवलं की माशी उडून शेजारी बसते. आदल्या दिवशी त्या झाडावर आणि आजूबाजूला, पानाच्या खालच्या बाजूनं 5 टक्के निंबोळी अर्क फवारा. दुसऱ्या दिवशी पहाटे माशी सुस्त असताना झाडावर पोतं घाला, मुळासकट काढा आणि पुरा. बांधावर टाकलं तर माशी परत पिकातच येणार. बांधावरचं ओसाडी हे तणही काढा, त्याच्यावरही हे विषाणू राहतात. एकरी दहा-बारा पिवळे चिकट सापळे पिकाच्या उंचीला लावा. कीटकनाशक घ्यायचं तर मिरचीसाठी लेबलवर शिफारस असलेलंच, आणि औषधांचा एकच गट पुन्हा पुन्हा नको.

हे झाडं मोजकी असताना करायचं. निम्म्याहून जास्त रान आखडलं असेल तर उपटत बसण्यात अर्थ नाही. मिळेल तेवढे तोडे घ्या, पीक लवकर मोडा आणि पुढची रोपं 40 ते 50 मेशच्या (बारीक छिद्रांच्या) जाळीखाली, या रानापासून लांब तयार करा.