कोकणातल्या कारागिराने जवळच्या कलादालनात काम मांडावं, की मुंबईची वाट पाहावी?

तुमच्या प्रश्नातल्या एका शब्दामुळे लिहायला बसले. तुम्ही म्हणता, तुम्ही लाकडात कोरीवकाम करता, जिल्ह्याच्या गावी चित्रकारांचं प्रदर्शन भरतंय आणि तुम्हाला तिथे ‘प्रात्यक्षिकासाठी’ बोलावलंय. जावं, की मुंबईला जहांगीर आर्ट गॅलरीत अर्ज टाकून थांबावं, असा तुमचा प्रश्न. जहांगीरचं पुढे बघू. प्रात्यक्षिकाला जाऊ नका. तुमचं काम आत, तुमच्या नावानिशी लागणार असेल तरच जा.

मी सावंतवाडीची. गंजिफा रंगवते, म्हणजे खेळायचे गोल पत्ते; २१ वर्षं झाली. माझे आजोबा पांगाऱ्याच्या लाकडाची फळं रंगवायचे. आंबा, सीताफळ, मिरची, अख्खी परडी. चितार आळीत दुकानं आहेत तिथे ती विकली जायची आणि अजूनही कितीतरी घरांच्या शोकेसमध्ये असतील. त्यातल्या एकावरही त्यांचं नाव नाही.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझा चुलतभाऊ, आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो, जी. डी. आर्ट, म्हणजे चित्रकलेची पदविका, झालेला. जलरंगात निसर्गचित्रं करतो आणि फार सुंदर करतो, हे मी कुणापुढेही म्हणेन. त्याने आणि त्याच्या मित्रांनी घाटावरच्या एका शहरात पाच दिवसांचं प्रदर्शन ठरवलं. मला फोन केला, ‘तू पण ये, गंजिफा घेऊन ये.’ मला इतका आनंद झाला की मी नवा दशावतारी संच करायला घेतला. १२० पानं. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग (साध्या पत्त्यांत इस्पिक-बदाम असतात तसे), प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानं. तोही जुन्या पद्धतीने केला. चिंचोक्याची खळ लावून कापडाचे थर चिकटवले, वर खडूचा लेप दिला, दगडाने घोटून गुळगुळीत केलं, मग गोल कापून रंगकाम, शेवटी लाख. चार महिने लागले.

तिथे पोचले तर माझं टेबल बाहेरच्या पॅसेजमध्ये, चपला काढायच्या जागेशेजारी. टेबलाला कागद चिकटवलेला: ‘सावंतवाडीची हस्तकला – प्रात्यक्षिक’. आत ११ चित्रकारांची चित्रं, प्रत्येकाखाली नाव, शीर्षक, माध्यम, किंमत. छापलेल्या पत्रकात तीच ११ नावं. मी पाच दिवस त्या पॅसेजमध्ये बसून रंगवत राहिले. येणारी माणसं दोन मिनिटं वाकून बघायची, ‘हाताने करता का हो सगळं?’ विचारायची आणि चित्रं बघायला आत जायची. चौथ्या दिवशी जेवायला उठले तेवढ्यात परशुरामाची पंजी गेली. कुणी नेली कळलं नाही. निसर्गचित्र चोरीला गेलं तर बाकीची चित्रं तशीच राहतात. गंजिफाचं एक पान गेलं की संचच गेला, कारण ११९ पानांनी खेळता येत नाही.

शेवटच्या संध्याकाळी मी दादाला विचारलं, माझं नाव का नाही? तो ओरडला नाही, चिडलाही नाही. शांतपणे म्हणाला, ‘अगं, ते चित्र आहे, हा नग आहे. तेच पान तू परत परत काढतेस. आणि गंजिफावर सही कुठे असते?’

मी काहीच बोलले नाही. सावंतवाडीला परत येताना आंबोलीचा घाट उतरेपर्यंत रडत होते.

तीन वर्षांनी मी माझं स्वतःचं प्रदर्शन भरवलं. गावातच, एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये, मे महिन्यात, तीन दिवस. भाडं दिवसाला आठशे. भिंतीवर राजे आणि प्रधान मोठे करून लावले, मध्ये टेबलावर पूर्ण संच मांडला, आणि कोपऱ्यातल्या फळीवर आजोबांनी रंगवलेलं एक सीताफळ ठेवून खाली त्यांचं पूर्ण नाव लिहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक आजोबा आले. ऐंशीच्या पुढचे असतील, हातात छत्री. भिंतीकडे बघितलंही नाही. सरळ टेबलाशी गेले, मत्स्याची पानं उचलली आणि पंख्यासारखी हातात धरली. मी काही म्हणायच्या आत मला विचारलं, ‘गो बाय, ही अठ्ठी काय नव्वी?’

मी मासे गोलात फिरते काढले होते, शेपटीला शेपटी लावून. मला ते फार आवडलं होतं, बघणाऱ्यांनीही वाखाणलं होतं. आजोबा म्हणाले, ‘हातात चाळीस पानां आसतत. मासे मोजीत बसलंस तर खेळतलंस कधी?’

ते लहानपणी घरात गंजिफा खेळलेले होते. तिघांत १२० पानं वाटली की प्रत्येकाच्या हातात ४० येतात. पानं एकावर एक सरकवून धरावी लागतात, दिसते ती फक्त कड. त्या कडेवरून रंग कळायला हवा आणि आकडा नुसत्या नजरेला कळायला हवा. त्यांनी मला खेळही शिकवला. दिवसा डाव असेल तर रामाच्या राजापासून सुरुवात, रात्री असेल तर कृष्णाच्या. दहापैकी पाच रंगांत दश्शी वरचढ, उरलेल्या पाचांत उलट, एक्का वरचढ. इतकी वर्षं रंगवत होते, नियम मला ऐकून माहीत होते, पण ४० पानं हातात धरून मी कधी बसले नव्हते. त्या दिवशी दीड तास बसले. कल्कीच्या राजाजवळही घोडा आणि प्रधानही घोड्यावर, कडेवरून दोघांत फरकच कळत नाही, हेही त्यांनीच दाखवलं. पुढच्या संचापासून माझ्या सगळ्या पानांची मांडणी बदलली. दादाने आणि त्याच्या मित्रांनी माझ्या कामावर जे काही मत दिलं होतं ते रंगसंगतीचं होतं. काम चुकतंय कुठे, हे एका खेळणाऱ्याने सांगितलं, आणि तो माणूस मुंबईच्या कलादालनात मला कधीही भेटला नसता.

म्हणून माझं उत्तर: जवळच्या कलादालनात मांडा. तुमचं कोरीवकाम कशासाठी होतं हे ज्यांना ठाऊक आहे ती माणसं तुमच्याच तालुक्यात आहेत. देव्हारा असेल तर कुणी दार उघडझाप करून बघेल, पाट असेल तर कुणी बसून बघेल. त्यांना बसू द्या. काचेत ठेवू नका, निदान एक वस्तू हाताळायला बाहेर ठेवा.

दादाचं म्हणणं असं की मोठं व्हायचं तर मुंबई. त्यासाठी तो नेहमी जिव्या सोमा मशे यांचं उदाहरण देतो. खरं आहे. वारली चित्रं पूर्वी लग्नाच्या चौकापुरती, सुवासिनींनी घराच्या भिंतीवर काढायची. चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूच्या पाड्यांवर पोचले आणि १९७५ मध्ये मशे यांची चित्रं मुंबईत गॅलरी केमोल्डमध्ये लागली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण दादा एक गोष्ट विसरतो. ती चित्रं भिंतीवर लागली होती, जिव्या सोमा मशे या नावाने. त्यांना कुणी दारात बसवून ‘वारली हस्तकला – प्रात्यक्षिक’ असा कागद चिकटवला नव्हता. आणि तेही आयुष्यभर तोच तारपा, तीच माणसं, तेच त्रिकोण काढत होते. मग त्यांचं चित्र आणि माझा नग, हे कोणत्या हिशेबाने?

मुंबई सोडाच, कुडाळजवळ पिंगुळीला परशुराम गंगावणे यांनी चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला) आणि कळसूत्री बाहुल्यांसाठी घरच्या गोठ्यातच संग्रहालय उभं केलं. पाहणारे तिथवर जातात. त्यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. गोठ्यापेक्षा लहान कलादालन तर कुठे नसेल.

आता कामाचं. प्रदर्शन मे महिन्यात ठेवा. चाकरमानी गावी आलेले असतात आणि त्यांना संध्याकाळी जायला जागा हवी असते. गणपतीत तीच माणसं येतात, पण आरत्या आणि भजनं सोडून कुणी हॉलमध्ये फिरकत नाही. जून ते सप्टेंबर तर विचारच करू नका. दमट हवेत कागद फुगतो, लाख चिकट होते, लाकडाला बुरशी धरते. वस्तू ठेवून येणार असाल तर मोजून यादी करा आणि आयोजकांची सही घ्या. ती पंजी गेल्यापासून मी यादीशिवाय एक पानही कुणाच्या हवाली करत नाही. किंमत लिहून लावा. आपल्याकडे माणसं विचारायला संकोचतात आणि न विचारता निघून जातात. आयोजक विक्रीवर किती टक्के घेणार, हे आधीच विचारा.

जहांगीरला अर्ज कराच. तिथे नंबर लागायला वर्षं जातात, म्हणून आजच करा, आणि तोवर इथे मांडत राहा.

एक गोष्ट तुमच्या बाबतीत वेगळी असू शकते. तुम्ही मोठी शिल्पं करत असाल आणि लाखाच्या घरात किंमत सांगत असाल, तर तालुक्याच्या गावात तेवढं गिऱ्हाईक नाही, तिथे दादाचंच बरोबर. आणि प्रात्यक्षिक म्हणून सगळंच वाईट, असंही मी म्हणत नाही. आमच्या सावंतवाडीच्या राजवाड्यात दरबार हॉलमध्ये कलाकार बसून रंगवतात, येणारे बघतात. गंजिफा संपत आली होती तेव्हा इथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी ती स्वतः शिकून घेऊन पुन्हा उभी केली, म्हणून आज मी हे काम करते आहे. ती कामाची जागा आहे, बघायला येणारे कामाच्या ठिकाणी येतात. दुसऱ्याच्या प्रदर्शनाला शोभा म्हणून चपलांपाशी बसणं वेगळं.

यंदा दादाने पुन्हा बोलावलंय. आत भिंत देतो म्हणाला, पत्रकात नावही छापणार. पण पानांवर सही कर, म्हणजे बाकीच्यांना पटेल, असं त्याचं म्हणणं. दादा, तू हे वाचशील म्हणून इथेच सांगते. खेळातल्या पानाची पाठ एकसारखीच असावी लागते. पाठीवर कुठेही खूण झाली की समोरच्याला पान कळतं आणि डाव खोटा होतो. पुढच्या बाजूला माझ्या नावाने जागा अडवली तर त्या आजोबांसारख्या माणसाला अठ्ठी-नव्वी शोधायला वेळ लागेल. म्हणून पानांवर सही नाही. सही संच ठेवायच्या डबीवर आहे, सरकत्या झाकणाच्या आतल्या बाजूला, खाली वर्ष घालून. तू अजून एकदाही ते झाकण उघडून बघितलेलं नाहीस.