रत्नागिरीत मुक्काम, आजूबाजूची भटकंती

प्रश्न : मे महिन्यात जळगावहून चौघं रत्नागिरीला जाणार आहोत. एकाच मुक्कामावरून आजूबाजूचं कसं बसवावं?

उत्तर : मंगला एक्सप्रेस जळगावहून थेट रत्नागिरीला जाते. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्याच सकाळी काढा. स्टेशन गावाबाहेर आहे, रिक्षाचे पैसे धरा. गणपतीपुळे उत्तरेला, स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीचं पावस दक्षिणेला. दोन्ही एकाच दिवशी कोंबू नका. पुळ्याला आरे-वारेच्या किनारी रस्त्यानं भल्या सकाळी निघा. तिथं समुद्रात आत जाऊच नका; लाट परतताना पायाखालची वाळू ओढून नेते, पट्टीचा पोहणाराही फसतो. पावसबरोबर पूर्णगड किल्ला जोडा. आपल्याकडचं ऊन कडक पण कोरडं. कोकणात दमटपणामुळे घाम सुकत नाही, म्हणून १२ ते ४ खोलीतच थांबा. परतताना हापूस हिरवा, कडकच घ्या; पिकलेला गाडीत दबतो.