मूळपेशी: 'स्कंद' नव्हे, 'मूल' नव्हे

प्रश्न असा आला आहे: मोठ्या माणसाच्या कातडीतल्या पेशी पुन्हा स्टेम सेल, म्हणजे जिच्यातून वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी घडू शकतात अशा पेशी, करतात, त्याला 'पुनर्प्रोग्रामिंग' म्हणायचं का? आणि स्टेम सेल म्हणजे मूलपेशी की स्कंदपेशी?

स्कंद म्हणजे कार्तिकेय. त्याचा इथे काहीही संबंध नाही, तरी बातम्यांत हे सारखं कानावर येतं. म्हणायचं असतं 'स्कंध', झाडाचं खोड. पण स्कंधपेशीचा आग्रह धरणाऱ्यांचंही मला पटत नाही. स्टेम म्हणजे खोड, एवढं कोशात पाहून ते मोकळे झाले. शब्द मुळात जर्मन आहे. जीवशास्त्रज्ञ एर्न्स्ट हेकेलने १८६८मध्ये 'श्टामत्सेले' म्हटलं ते 'श्टामबाउम'च्या, म्हणजे वंशवृक्षाच्या, चालीवर. सगळ्या बहुपेशीय जिवांचा एकपेशीय पूर्वज त्याला अभिप्रेत होता. आपल्या वंशावळीत सगळ्यांत वर मूळपुरुष असतो ना, तोच हा 'मूळ'. म्हणून ळ हवाच. 'मूलपेशी' लिहिलं की लोकांना लहान मूल आठवतं. मूलपेशींसाठी नाळेतलं रक्त साठवण्याची जाहिरात वाचून चांगल्या शिकलेल्या एका बाईंनी मला विचारलं होतं, "त्या मुलाच्या पेशी ना?"

'पुनर्प्रोग्रामिंग' साफ चूक. विसर्गाचा र स्वरापुढे आणि मृदू व्यंजनापुढे होतो: पुनरागमन, पुनर्जन्म. प कठोर आहे, तिथे पुनःप्रक्षेपणासारखा विसर्गच राहतो.

खरी गंमत पेशीत आहे. 'मांसाचा तुकडा' एवढ्याच अर्थावर थांबलं तर आपण अर्ध्या वाटेत थांबतो. धातू पिश्: कोरणे, घडवणे, आकार देणे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात, गर्भाधानाच्या मंत्रात, 'त्वष्टा रूपाणि पिंशतु' आहे: त्वष्ट्याने रूपं घडवावीत. आणि आयुर्वेदातल्या चरकसंहितेच्या शारीरस्थानात पेशी ही गर्भाची अवस्था आहे. दुसऱ्या महिन्यात गर्भ घट्ट होतो, तो पिंड, पेशी किंवा अर्बुद. इंद्रियं आणि अवयव फुटतात ते तिसऱ्या महिन्यात. म्हणजे ज्याला अजून अवयव फुटलेले नाहीत, घडायचं बाकी आहे, अशा गोळ्याचं हे नाव. आज आपण पूर्ण घडलेल्या, कामाला लागलेल्या सेललाही पेशी म्हणतो.

जपानमधल्या क्योतोत शिन्या यामानाका आणि काझुतोशी ताकाहाशी या शास्त्रज्ञांनी २००६मध्ये पेशीला तिच्या या जुन्या अर्थाकडे परत नेलं, असं मला मनापासून वाटतं. उंदराच्या गर्भातून घेतलेल्या, आधीच घडलेल्या पेशींत त्यांनी २४ जनुकं घातली, मग एकेक वगळत पाहिलं, आणि चार पुरली. लांबट, चपट्या पेशींच्या जागी मूळपेशींसारखे गोल, दाट पुंजके उगवले. पुढच्याच वर्षी माणसाच्या पेशींवर हेच साधलं. २०१४च्या सप्टेंबरात कोबेमध्ये, नजर अधू झालेल्या सत्तरीतल्या एका बाईंच्याच कातडीपासून दृष्टिपटलाखालच्या रंगद्रव्यी पेशींचा १.३ बाय ३ मिलिमीटरचा पापुद्रा तयार करून त्यांच्या डोळ्यात बसवला. याला मराठीत 'पेशी मूळपदावर आणणे' म्हणावं. गाडी मूळपदावर आली, असं आपण म्हणतोच की.

आता चरकाचा तो तिसरा शब्द पाहा, अर्बुद. आज गाठीला, ट्यूमरला, आपण तोच शब्द वापरतो. त्या चार जनुकांतलं सी-मिक हे कर्करोगाशी जोडलेलं जनुक. यामानाकांच्याच गटाने २००७मध्ये दाखवलं की या पेशींपासून जन्मलेल्या उंदरांच्या पिल्लांपैकी सुमारे २० टक्क्यांना सी-मिक पुन्हा जागं झाल्यामुळे अर्बुदं झाली. पेशी आणि अर्बुद, चरकाच्या एकाच वाक्यात शेजारी शेजारी. पुढे त्यांनी सी-मिक वगळून पाहिलं, तेव्हाही पेशी मूळपदावर आल्या, पण फारच थोड्या.