सोलमध्ये कोरियन फ्राइड चिकनच्या साध्या हॉटेलात दोघांनी जायचंय, काय आणि कसं मागवायचं?

तुम्ही लिहिलंय की नवराबायको दोघं सोलला येताय, एकजण बिअर घेतो, एकजण अजिबात नाही, तिखट चालतं, आणि चकाचक रेस्टॉरंटात न जाता तिथलेच लोक जातात तसल्या चिकनच्या दुकानात बसायचंय. मी सुवॉनला राहतो, सोलच्या दक्षिणेला लोकलने तासाभरावर, इथे आपल्याकडचे इंजिनिअर बरेच आहेत आणि घरून कोणी आलं की पहिली फर्माईश हीच असते, त्यामुळे जरा सविस्तरच सांगतो.

सगळ्यात आधी, तिथे जेवायला म्हणून जाऊ नका. आपल्याकडे 'आज बसायचं का?' असं विचारतात ना, तो हा प्रकार आहे. भात शक्यतो नसतोच, पोळीचा प्रश्नच नाही, दुपारी बारा वाजता गेलात तर बऱ्याच ठिकाणी शटर खाली, चार-पाचला उघडतात आणि मध्यरात्रीपर्यंत किंवा त्याच्याही पुढे चालू राहतात. ऑफिसची मंडळी बऱ्याचदा आधी दुसरीकडे जेवून मग इथे येतात, म्हणजे पोट अर्धं भरलेलं असतं आणि गप्पा हाणायला दोन तास असतात. तुम्ही सात वाजता कडकडून भूक लागलेली असताना गेलात तर दोघांत एक कोंबडी कमी पडेल, कारण तिथली कोंबडी लहान, दुकानात साधारण एक किलोची वापरतात. पण जास्त वयाची नसल्यामुळे मांस एकदम मऊ, हे तिचं वैशिष्ट्य.

आता मागवायचं काय. मेनूकार्डावर पंधरा-वीस प्रकार दिसतील, चीज पावडरवाला, लसूणवाला, सोया सॉसवाला, वर कच्च्या कांद्याच्या पातीचा ढीग टाकलेला (त्याला पादाक म्हणतात, हा मला स्वतःला फार आवडतो), गोंधळू नका. पहिल्यांदा 'बान-बान' मागवा, म्हणजे अर्धं साधं तळलेलं आणि अर्धं यांग्न्यॉम, लाल सॉस लावलेलं. आणि हाडासकट घ्या. बोनलेस खायला सोपं, पण बऱ्याच ठिकाणी ते ब्राझीलवरून आलेलं फ्रोजन मांस असतं, भिंतीवर किंवा मेनूवर मांस कुठल्या देशातलं ते लिहिणं तिथे कायद्याने सक्तीचं आहे, फोनचा कॅमेरा धरून ट्रान्सलेट करून बघा.

तिखट चालतं म्हणालात म्हणून सांगतो, यांग्न्यॉमचा लालभडक रंग बघून घाबरू नका आणि आशाही ठेवू नका, ते तिखटापेक्षा गोड जास्त. गोचुजांग म्हणजे मिरचीची आंबवलेली पेस्ट, भरपूर लसूण आणि त्यात घट्ट गोड सिरप. याचं श्रेय बहुतेक वेळा देगू शहरातल्या युन जोंग-ग्ये नावाच्या दुकानदाराला देतात, 1980 च्या आसपासची गोष्ट. तळलेलं चिकन गार झालं की वरचं कव्हर कडक होऊन गिऱ्हाइकांच्या टाळूला टोचायचं म्हणून त्यांनी सॉस करून बघितला, तो काही केल्या जमेना, मग शेजारपाजारच्या एका आजींनी सिरप घालून बघ म्हणून सुचवलं, अशी कथा सांगतात. खरंच झणझणीत पाहिजे असेल तर मेनूत 'मेउन' लिहिलेलं शोधा, पण ते तिखट आपल्या ठेच्यासारखं लगेच लागत नाही, सावकाश चढतं आणि मग उतरत नाही.

साधं तळलेलं आधी संपवा, गरम असतानाच. आमच्या बिल्डिंगखाली एक नवराबायको दुकान चालवतात, काका तळणीपाशी आणि काकू टेबलांवर, तिथे बसून बघितलंय, एकदा तळून जाळीत उपसून ठेवतात, अधूनमधून जाळी झटकतात, वाफ निघून जाते, मग पुन्हा तेलात. दुसऱ्यांदा टाकल्यावर आवाजच वेगळा येतो, बारीक आणि कोरडा. पिठात स्टार्च असतो, थर पातळ असतो आणि दोनदा तळून पाणी उडालेलं असतं म्हणून ते एवढं कुरकुरीत लागतं. ऑर्डर दिल्यावर वीसेक मिनिटं लागली तर कुरकुर करू नका, पाच मिनिटांत आलं तरच शंका घ्या.

तोपर्यंत टेबलावर फुकटात काहीतरी येतंच, कुठे मक्याचे फुगवलेले कुरकुरे, कुठे बारीक चिरलेला कोबी वर केचप-मेयोनीज, आणि पांढऱ्या मुळ्याचे चौकोनी तुकडे व्हिनेगर-साखरेच्या पाण्यातले. हा मुळा म्हणजे जीव आहे त्या जेवणाचा, तेलकट तोंड एका तुकड्यात साफ होतं. संपला की 'मू चोम चुसेयो' म्हणा, आणखी आणून देतात, बहुतेक ठिकाणी पैसे घेत नाहीत. प्लास्टिकचे पातळ ग्लोव्हज ठेवलेले असतात ते घालून खुशाल हातानं खा, काटे-चमचे कुठे दिसत नसतील तर टेबलाच्या बाजूला ड्रॉवर असतो तो ओढून बघा.

हाक मारायची लाज वाटत असेल तर टेबलावर बेल असते, दाबा. नसेल तर 'चोगियो!' असं जरा मोठ्यानं म्हणायचं, तिथे ते उद्धट समजत नाहीत, उलट तुम्ही नजरानजर होण्याची वाट बघत बसलात तर बसूनच राहाल. पाणी बऱ्याच ठिकाणी आपलं आपणच आणायचं. बिअर ड्राफ्ट घ्या, 'ओबेक' म्हणजे पाचशे मिलीचा मग, एवढं म्हटलं तरी समजतं. न पिणाऱ्याने कोला नाहीतर 'साइदा' मागवायचा, नाव ऐकून दचकू नका, तिथे साइदा म्हणजे आपल्या लिंबू सोड्याच्या जवळचं पारदर्शक कोल्ड्रिंक, दारू नव्हे.

खर्चाचं म्हणाल तर एक अख्खी कोंबडी साधारण 20 ते 25 हजार वोन, बिअरचा मग चार-पाच हजार, कोल्ड्रिंक धरून दोघांचं 30-35 हजारात होतं, आपले दोन हजार रुपये धरून चला. टीप द्यायची नाही. बिल काउंटरवर जाऊन द्यायचं. उरलं तर 'पोजांग' म्हणा, बांधून देतात.

शाकाहारी कोणी बरोबर असेल तर त्याचे हाल आहेत, फ्राइज आणि चीज बॉल सोडून काही नाही, तोकबोक्कीतही (तांदळाच्या पिठाचे चिवट तुकडे तिखट लाल सॉसमध्ये) माशाचा केक आणि माशाचा रस्सा असतो. हलाल पाहिजे असेल तर सोलमधल्या इटेवॉन भागात मशिदीच्या बाजूला बघा, गल्लीबोळातल्या दुकानात मिळायचं नाही.

कुठलं दुकान हे मी मुद्दाम सांगत नाही. ब्रँडची साखळी दुकानं चवीला भरवशाची आहेत, पण बरीचशी डिलिव्हरीवर चालतात, आत चारच टेबलं. तुम्हाला बसायचंय, तर हॉटेलपासून चालत जाऊन जिथे आत ऑफिसातले लोक टाय सैल करून हसत बसलेत आणि काचेवर बिअरच्या मगचं चित्र आहे तिथे शिरा. अशी दुकानं पावलापावलावर का आहेत त्यालाही कारण आहे, 1997 च्या आर्थिक संकटात नोकऱ्या गेलेल्या कितीतरी लोकांनी थोड्या भांडवलात होणारा धंदा म्हणून चिकनचं दुकान टाकलं. आमच्या ऑफिसात अजून जोक चालतो की कोडिंग कितीही चांगलं येऊ दे, शेवटी चिकनच तळायचंय.

एक संध्याकाळ जास्तीची असेल तर मात्र सुवॉनला या. ह्वासॉंग किल्ला दिवसाउजेडी बघून घ्या (युनेस्कोच्या यादीतला आहे), तो उतरलात की पाल्दालमुन दरवाजाच्या जवळ थोंगदाकची म्हणजे अख्ख्या कोंबडीची गल्लीच आहे, लोखंडी मोठ्या कढयांत जुन्या पद्धतीनं तळतात, काही ठिकाणी ताटात कोंबडीचे तळलेले पेठे (गिझर्ड) आणि पायही देतात. शनिवार-रविवार टाळा, रांग असते.