बंधाऱ्यातलं पाणी काळं पडलं, आता दाद कुठे मागायची?

गाळप हंगाम सुरू झाला की सोलापूर जिल्ह्यातून सीना-भीमेच्या पाण्याबद्दलची पत्रं वाढतात. त्यांतल्या काही प्रश्नांची ही उत्तरं.

प्रश्न : सीनेवरच्या आमच्या बंधाऱ्यातलं पाणी एका रात्रीत तांबूस-काळं झालं, सकाळी मासे मरून वर आले. वरच्या अंगाला डिस्टिलरी आहे. पहिली तक्रार कुठे करायची? (मोहोळ तालुका)

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सोलापुरातल्या उपप्रादेशिक कार्यालयात, आणि त्याच दिवशी. फोनवर सांगून थांबू नका; लेखी अर्ज द्या, पोच घ्या. एक प्रत तहसीलदारांना द्या, तलाठ्यांकडे पंचनाम्याचा आग्रह धरा. बंधाऱ्याची दारं निघाली किंवा वरून पाणी सुटलं की पुरावा वाहून जातो. बहुतेक तक्रारी इथेच मरतात, कायदा अपुरा पडतो म्हणून नव्हे.

जल अधिनियम, १९७४ च्या कलम २१ प्रमाणे मंडळाने कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना घेताना कारखान्याला नोटीस द्यायची, त्याच्या माणसासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, सील आणि सह्या करायच्या. ही रीत चुकली तर तो अहवाल पुरावा म्हणून टिकत नाही. म्हणून अधिकारी आले की सोबत राहा. नदीचं पाणीही तीन ठिकाणचं घ्यायला सांगा : कारखान्याचा नाला मिळतो त्याच्या वर, नाल्याच्या तोंडाशी आणि खाली.

स्वतःही बाटली भरून, बर्फात ठेवून, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत लगेच पोहोचवा. मंडळाच्या नमुन्याचं वजन तिला नाही, पण अर्जाला आधार मिळतो. नदीत सोडायच्या सांडपाण्याची बीओडीची (त्यातली घाण कुजताना लागणाऱ्या प्राणवायूच्या मापाची) सर्वसाधारण मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम आहे. कच्च्या स्पेंटवॉशची, म्हणजे मद्यार्क काढल्यावर डिस्टिलरीत उरणाऱ्या सांडपाण्याची, बीओडी हजारोंच्या घरात असते. तो कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरतात. डिस्टिलरीला मंडळाने दिलेल्या संमतिपत्रात (चालवण्याच्या परवानगीत) काय अटी आहेत, हे माहिती अधिकारात १० रुपये भरून मागा. स्पेंटवॉशचा थेंबही बाहेर जाऊ नये अशी अट त्यात असेल, तर नाल्यात तो सापडणं एवढंच पुरेसं आहे.

प्रश्न : कंपनी म्हणते, हे शहराच्या गटाराचं पाणी आहे. (दक्षिण सोलापूर)

हा बचाव नेहमीचा आहे, आणि काही वेळा अर्धा खराही असतो. गटार वर्षभर वाहतं. पाणी फक्त हंगामातच काळं पडत असेल तर तारखांची वहीच उत्तर देते. वरच्या आणि खालच्या नमुन्यांतला फरक ही दुसरी साक्ष. शिवाय वेल्लोरच्या चर्मोद्योगांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली सांगितलं, की आपल्यामुळे पर्यावरणाला धोका नाही हे उद्योगाने सिद्ध करायचं. गटारही येत असेल तर हरित न्यायाधिकरणातल्या (पर्यावरणाच्या वादांसाठीच्या विशेष न्यायालयातल्या) अर्जात महापालिकेलाही प्रतिवादी करा. एकाच्या घाणीमुळे दुसऱ्याची घाण माफ होत नाही.

प्रश्न : घटनेला आठ महिने झाले. वेळ गेली का?

सगळी नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायदा, २०१० च्या कलम १४ खाली पर्यावरणाचा वाद नेण्यासाठी सहा महिन्यांची मुदत आहे, सबळ कारण दिलं तर आणखी ६० दिवस. पण भरपाई आणि नदी पूर्ववत करण्यासाठी कलम १५ आहे, तिथे पाच वर्षं मिळतात.

प्रश्न : मंडळाने कारखान्याला दंड केला. माझी डाळिंबाची बाग गेली, मला काय? (सांगोला तालुका)

त्या रकमेतून तुम्हाला काही नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सूत्राने लावलेली पर्यावरण भरपाई सरकारी यंत्रणेकडे जाते. मात्र त्या सूत्रात उल्लंघनाच्या दिवसांनी गुणाकार होतो, म्हणून गावकऱ्यांनी नोंदलेली प्रत्येक तारीख मोलाची. तुमच्या नुकसानीसाठी कलम १५ खाली स्वतंत्र अर्ज करा. सातबारा, पीक पाहणी, पंचनामा, विहिरीच्या पाण्याचा अहवाल, औषधं-रोपांच्या पावत्या जोडा. फी मागितलेल्या भरपाईच्या एक टक्का : १० लाख मागितले तर १० हजार. भरपाई मागितली नाही तर हजार रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला फी नाही.

कारखान्याचा माणूस रोख रक्कम घेऊन कोऱ्या कागदावर सही मागायला आला, तर कृपा करून सही करू नका.

प्रश्न : आम्ही त्याच कारखान्याचे सभासद. तक्रार केली तर आमच्या उसाला तोड मिळेल का?

ही भीती खरी आहे आणि ती बाळगणाऱ्याला भित्रा म्हणणं मला पटत नाही. उभा ऊस वाळला तर वर्ष जातं. म्हणून एकट्याचं नाव पुढे करू नका. ग्रामसभेचा ठराव घ्या, अर्ज ग्रामपंचायतीच्या नावाने जाऊ द्या. ऊस नसलेले मच्छीमार, पशुपालक सोबत घ्या. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे, की हरित न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकतं. तेव्हा फोटो आणि अहवालांसह नीट लिहिलेलं पत्रही वाया जात नाही. वार्षिक सभेत सांडपाणी प्रक्रियेच्या खर्चाचा हिशेब मागणं हा तर सभासद म्हणून तुमचा हक्कच आहे.

प्रश्न : वकील हवाच का?

सक्ती नाही. पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे आणि अर्जदार स्वतः बाजू मांडू शकतो. पण भरपाईची रक्कम मोठी असेल तर पर्यावरणाची प्रकरणं चालवलेला वकील घ्या. परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सोलापूर कार्यालयात मोफत मदतीसाठी अर्ज करता येतो. जाताना पोच घेतलेल्या सगळ्या अर्जांच्या प्रती तारखेनुसार लावून न्या.