'वैयक्तिक संगणक' आणि 'माझ्याकडचा संगणक'

प्रश्न असा आहे : "मुलांसाठी संगणकाची ओळख करून देणारी छोटी पुस्तिका लिहितो आहे. 'पर्सनल कॉम्प्युटर'ला वैयक्तिक संगणक म्हणावे, व्यक्तिगत म्हणावे की खासगी? कार्यालयाने दिलेला लॅपटॉप आणि खिशातला मोबाइल हेही वैयक्तिक संगणकच का? आणि डेस्कटॉपच्या खोक्याला सगळेच 'सीपीयू' म्हणतात, तसे पुस्तिकेत लिहिले तर चालेल का?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. 'वैयक्तिक संगणक' लिहा. शब्द रुळलेला आहे, अर्थाने योग्य आहे आणि व्याकरणाने निर्दोष आहे. 'व्याकरण'वरून वैयाकरण, 'न्याय'वरून नैयायिक, तसा 'व्यक्ती'वरून वैयक्तिक. फक्त 'वैयक्तीक' असे दीर्घ लिहू नका. 'इक' प्रत्यय ऱ्हस्वच असतो. 'व्यक्तिगत' चूक नाही, पण त्याला आता वेगळा वास लागला आहे. व्यक्तिगत टीका, व्यक्तिगत आकस, व्यक्तिगत पातळीवर उतरणे. यंत्राच्या नावाला तो नको.

'खासगी' मात्र टाळा. हा शब्द 'खास'वरून आलेला. होळकरशाहीत 'खासगी' आणि 'दौलत' असे दोन वेगळे जमाखर्च असत. दौलत म्हणजे राज्याचा पैसा, खासगी म्हणजे राजघराण्याच्या स्वतःच्या मालकीचा. त्या जुन्या अर्थाने 'खासगी संगणक' फार चांगले नाव झाले असते. पण आज खासगी म्हटले की एकतर 'सरकारी नसलेले' असे मनात येते (खासगी कंपनी, खासगी गाडी) किंवा 'दुसऱ्याला न सांगण्याजोगे' (खासगी गोष्टी, खासगीत बोलणे). 'खासगी संगणक' वाचून मुलांना वाटेल की यात काहीतरी लपवलेले असते.

आता जरा खोलात जाऊ, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाची गाठ इथेच आहे. विशेषणाचा अर्थ नेमका कळायला त्याच्या समोर कोणता शब्द उभा आहे ते पाहावे लागते. वैयक्तिक खेळासमोर सांघिक खेळ असतो, वैयक्तिक विम्यासमोर सामूहिक विमा. मग वैयक्तिक संगणकासमोर कोण? 'सरकारी संगणक' नाही आणि 'सार्वजनिक संगणक'ही नाही. समोर उभा आहे तो सामाईक संगणक. सामाईक विहीर, सामाईक भिंत म्हणतो, त्या अर्थाने सामाईक.

१९६० च्या दशकात संगणक ही एकट्याने वापरायची वस्तू नव्हतीच. यंत्र एक, खोलीभर पसरलेले, आणि त्याच्या वेळेचे वाटेकरी अनेक. आधी तर आपले काम पंचकार्डांवर छिद्रे पाडून द्यायचे आणि निकालाची वाट पाहायची अशी पद्धत होती. मग एकाच यंत्राला अनेक टर्मिनल (काम देण्या-घेण्याची दूरची ठाणी) जोडून वेळ वाटून घेण्याची सोय आली. १ मे १९६४ रोजी पहाटे डार्टमथ कॉलेजमध्ये जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांच्या प्रकल्पात दोन टर्मिनलांवरून एकाच वेळी बेसिक भाषेतले प्रोग्रॅम चालले. ती मोठीच झेप होती. तरी यंत्र सामाईकच राहिले. १९६८ मध्ये ह्युलेट-पॅकार्डने आपल्या ९१००ए या टेबलावर मावणाऱ्या गणकयंत्राची 'सायन्स' नियतकालिकात जाहिरात दिली, तिच्यात त्याला 'पर्सनल कॉम्प्युटर' म्हटले होते. मोठ्या संगणकावर आपला नंबर लागायची वाट पाहायला नको, हेच त्या जाहिरातीतले आमिष. म्हणजे 'पर्सनल' या विशेषणात 'रांगेत उभे राहावे न लागणारा' हा अर्थ सुरुवातीपासून आहे, आणि 'वैयक्तिक'मध्ये तो नेमका उतरतो.

मात्र त्या काळात विशेषणाबरोबर आणखी काही अर्थ आपोआप येत होते. १९७५ च्या जानेवारीत 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स'च्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० झळकला. सुट्या भागांचा संच घ्यायचा आणि घरी जोडायचा. ना कळफलक, ना पडदा. पुढच्या पट्टीवर खटके आणि लाल दिव्यांच्या रांगा. पत्त्याचे सोळा खटके होते, त्यातल्या आठांवरूनच माहितीही द्यायची. एकेक खटका वर-खाली करून एक बाइट, म्हणजे आठ खटक्यांएवढी माहिती, जुळवायचा, 'डिपॉझिट'चा खटका दाबायचा की तो बाइट मेमरीत जाऊन बसला. मग पुढचा बाइट. मूळ संचात मेमरी होती २५६ बाइटची. आजच्या हिशेबाने ती नगण्य आहे. पण त्या २५६ जागांपैकी प्रत्येक जागेवर काय ठेवायचे हे वापरणाराच ठरवत होता. त्याला न विचारता यंत्रात काही शिरत नव्हते.

१२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएमचा पीसी आला तेव्हाही हे बरेचसे टिकून होते. आत जादा कार्डे बसवायला पाच खाचा होत्या. तांत्रिक पुस्तिकेत मंडलांचे नकाशे होते आणि बायोसचा, म्हणजे यंत्र सुरू होताना सर्वांत आधी चालणारा, प्रोग्रॅमही छापलेला होता. त्यामुळे कोणीही त्याला चालणारी कार्डे बनवू लागले, पुढे इतर कंपन्यांनी तर स्वतःचा बायोस लिहून अख्खे तसेच यंत्र बाजारात आणले. इथेच 'पीसी' या आद्याक्षरांचा अर्थही आकसला. मूळ शब्दाप्रमाणे अ‍ॅपलचा मॅकिंटॉशही पर्सनल कॉम्प्युटरच, पण 'पीसी की मॅक?' हा प्रश्न आपल्याला खटकत नाही, कारण पीसी म्हणजे आयबीएमच्या वळणाचा संगणक असे आपण धरून चालतो. म्हणून एक सूचना : 'पीसी'ची फोड करून दरवेळी 'वैयक्तिक संगणक' लिहू नका. मराठीत 'पीसी' आता स्वतंत्र पुल्लिंगी नाम आहे. त्याला तसेच राहू द्या.

तर सांगायचे ते हे, की त्या पहिल्या वर्षांत चार गोष्टी एकाच वस्तूत एकत्र नांदत होत्या. संगणक एकट्याने वापरायचा होता, वापरणाऱ्याच्या मालकीचा होता, त्याच्या ताब्यात होता आणि त्याला तो उघडता येत होता. 'वैयक्तिक' म्हटले की चारही अर्थ कळायचे. नंतर त्या गोष्टी एकमेकींपासून सुटत गेल्या. शब्द मात्र तोच राहिला, आणि त्याच्या पोटात आता खात्रीने एकच अर्थ उरला आहे : एका वेळी एक माणूस वापरतो.

जरा जवळून पाहू. जुन्या लॅपटॉपचे खालचे झाकण काढले की रॅमची, म्हणजे मेमरीची, हिरवी पट्टी दिसते. दोन्ही बाजूंच्या धातूच्या चिमट्या बोटांनी किंचित बाहेर दाबल्या की ती स्वतःहून तिरकी वर येते. ओढून काढायची, दुप्पट क्षमतेची नवी पट्टी त्याच तिरकसपणे सोनेरी दात आत जातील अशी सरकवायची आणि खाली दाबायची. चिमट्या 'कट्' असा आवाज करून बसल्या की काम झाले. स्क्रू-ड्रायव्हर धरता येणाऱ्या कोणालाही हे जमते. आजच्या अनेक पातळ लॅपटॉपमध्ये तीच रॅम मदरबोर्डवर (आतल्या मुख्य बोर्डवर) सोल्डर केलेली, म्हणजे डाख देऊन कायमची जोडलेली असते; २००८ च्या मॅकबुक एअरमध्ये ती तशी होती आणि पुढे तोच रिवाज पसरला. यामागे खरी तांत्रिक कारणे आहेत हे मान्यच करायला हवे. मेमरी प्रोसेसरच्या (सूचना पाळून हिशेब करणाऱ्या चिपच्या) जवळ असली की वीज कमी लागते, वेग वाढवता येतो आणि जाडी घटते. पण याची किंमत ग्राहक मोजतो. पाच वर्षांनी आपली गरज किती असेल हे त्याला खरेदीच्या दिवशीच ओळखावे लागते. मेमरीची एक चिप गेली तर सगळा बोर्ड जातो. आणि हा नाइलाजही नाही. कमी वीज खाणारी पण काढता-घालता येणारी मेमरी बनवता येते. 'कॅम २' या पट्टीचे प्रमाण २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले आहे आणि तशा मेमरीचे लॅपटॉपही निघाले आहेत. म्हणून 'पातळ हवा तर सोल्डर सोसा' हे उत्तर मला पटत नाही.

दुसरे उदाहरण क्रियापदाचे घेतो. 'माझा संगणक जुना झाला' आणि 'माझा संगणक जुना ठरला' या दोन वाक्यांत मोठे अंतर आहे. २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टची विंडोज ११ आली तेव्हा टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर अशी अट होती. साधारण २०१७ च्या आधीचे प्रोसेसर त्या यादीबाहेर राहिले. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या देणे, संपला. ज्यांची यंत्रे व्यवस्थित चालत होती, पंखा फिरत होता, डिस्क धडधाकट होती, त्यांचीही यंत्रे त्या तारखेला जुनी ठरली. झाली नाहीत, ठरली. अशा यंत्रांवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकून ती पुढे अनेक वर्षे वापरता येतात, आणि ज्यांना जमते त्यांनी ती जरूर वापरावीत. पण आपले यंत्र मोडीत काढायचे की नाही हा निर्णय आपल्या टेबलापासून दूर कुठेतरी होतो, हे लोकांना कळले पाहिजे. कळण्यासाठी भाषेत ते वेगळे सांगता आले पाहिजे.

आणि मराठीत ते सांगता येते. मालकी आणि ताबा यांच्या छटा आपल्या भाषेत फार बारीक आहेत : माझा, माझ्याकडचा, माझ्या नावावरचा, माझ्या ताब्यातला, माझ्या हक्काचा. घर माझ्या नावावर असते, पण ताबा भाडेकरूकडे असतो. मित्राचे पुस्तक माझ्याकडे असते, पण ते माझे नसते. हे भेद आपण रोज चुकल्याशिवाय पाळतो. मग संगणकाबद्दल बोलतानाच एका 'वैयक्तिक'वर सगळे का लोटून द्यायचे?

कार्यालयाने दिलेला लॅपटॉप घ्या. यंत्राचा प्रकार म्हणून तो वैयक्तिक संगणकच आहे, पण तो तुमचा वैयक्तिक नाही. तो 'माझ्याकडचा' आहे. त्यावर काय टाकायचे, काय पाहायचे, दुरून काय पुसून टाकायचे हे कार्यालय ठरवते आणि तसे ठरवण्याचा त्याला अधिकारही आहे. 'माझा लॅपटॉप' म्हणता म्हणता माणसे त्यात घरचे फोटो आणि आजारपणाचे कागद ठेवू लागतात, नोकरी सुटली की यंत्र परत करावे लागते. 'माझ्याकडचा लॅपटॉप' म्हणायची सवय असलेला माणूस तसे करताना एकदा तरी थांबेल, असे मला मनापासून वाटते.

मोबाइलची गंमत उलटी आहे. त्याच्याइतका वैयक्तिक संगणक आजवर झालाच नाही : बोटाच्या ठशाने उघडतो, उशाशी असतो, सहसा दुसऱ्याच्या हातात देत नाही. पैसे आपण भरलेले, बिल आपल्या नावावर. पण ताबा पाहायला गेलात तर वाटणी झालेली दिसते. अनेक फोनांत आधीपासून बसवलेली काही अ‍ॅप काढता येत नाहीत आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या किती वर्षे मिळणार हे बनवणारी कंपनी ठरवते. तेव्हा मोबाइल वैयक्तिक आहे, मालकीचा आहे, पण पुरता ताब्यातला नाही. तिन्ही शब्द लागतात.

या सगळ्यात 'वैयक्तिक' या विशेषणानेच आपली जागा बदलली आहे, हे तुमच्या लक्षात आले असेल. एके काळी ते यंत्राला लागायचे. आता आपण ते बहुतेकदा माहितीला लावतो : वैयक्तिक माहिती, वैयक्तिक तपशील. माहिती वैयक्तिक, आणि ती ठेवलेली असते कुठल्या तरी प्रचंड सामाईक यंत्रांवर. ढगात, म्हणजे 'क्लाउड'वर, फोटो साठवणारा माणूस एका अर्थाने पुन्हा टर्मिनलपाशीच येऊन बसला आहे. रांग दिसत नाही एवढाच फरक.

पुस्तिकेत व्याख्या अशी करता येईल : "एका वेळी एका माणसाने वापरण्यासाठी बनवलेला संगणक म्हणजे वैयक्तिक संगणक. तो वापरणाऱ्याच्या मालकीचा असेलच असे नाही." दुसरे वाक्य कृपा करून गाळू नका. आणि जमल्यास त्याखाली मुलांना एक प्रश्न द्या : तुमच्या घरातल्या संगणकाची बॅटरी किंवा मेमरी तुम्हाला बदलता येईल का? उत्तर शोधायला ती यंत्र उलटे करून पाहतील. फ्रान्समध्ये २०२१ पासून लॅपटॉप आणि स्मार्टफोन विकताना ते किती दुरुस्त करता येतात याचे दहापैकी गुण वस्तूबरोबर दाखवावे लागू लागले. मुले स्वतःही तसे गुण देऊ शकतात.

राहिला 'सीपीयू'. या चुकीचा उगम अगदीच निराधार नाही. मेनफ्रेमच्या, म्हणजे त्या खोलीभर पसरलेल्या संगणकांच्या, काळात सीपीयू (मध्यवर्ती प्रक्रिया करणारा भाग) म्हणजे खरोखरच एक मोठे कपाट असे. १९७१ मध्ये इंटेल ४००४ आला आणि सुमारे २,३०० ट्रान्झिस्टरांचा पूर्ण सीपीयू एका चिपवर मावला, तेव्हापासून खोके आणि सीपीयू वेगळे झाले. बोलताना कोणी खोक्याला सीपीयू म्हटले तर अडवू नका, पण पुस्तिकेत खोक्याला 'कॅबिनेट' आणि चिपला 'प्रोसेसर' किंवा 'सीपीयू' असेच लिहा. कारण व्यवहाराचे आहे. 'सीपीयू गेला' असे ऐकून माणूस नवे यंत्र घ्यायला निघतो, आणि कॅबिनेट उघडून पाहिले तर गेलेला असतो फक्त एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, चार स्क्रू काढून बदलता येणारा.